जुना ट्रॅक्टर तापतोय? हेड खोलण्याआधी एवढं बघा

जुना ट्रॅक्टर घेणारा माणूस टायर बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, कागदपत्रं तपासतो. रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट फिरवणारा शंभरात एखादा. मग पहिल्यांदा रोटर (माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर) लावला, रान जरा जड निघालं, की तासाभरात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात आणि बॉनेटमधनं वाफ. बांधावर जमलेल्या चौघांची चार मतं असतात. एक म्हणतो पाणी कमी असेल, दुसरा म्हणतो वॉल (इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडं पाणी सोडणारा थर्मोस्टॅट) काढून टाक, तिसऱ्याच्या मते वॉटर पंप गेला, आणि चौथा, ज्याचा मेव्हणा मिस्त्री असतो, तो सांगतो की हेडच, म्हणजे सिलिंडरांवरचं लोखंडी झाकण, खोलावं लागणार.

मी चौथ्याचं ऐकलं होतं. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातले, उसाचा पट्टा. तीन सिलिंडरचा जुना ३५ एचपीचा ट्रॅक्टर सीझनला दोन ट्रॉल्या ओढायचा आणि ओढ्यावरच्या पुलाचा चढ आला की पाणी फेकायचा. दारात आणून उभा केला की मात्र तासभर चालू ठेवला तरी काटा जागचा हलायचा नाही. हेड उतरवलं, गॅसकेट (हेडाखालचं सांधा बंद ठेवणारं पॅकिंग) बदललं, हेड प्लेन करून आणलं. आठ दिवस गाडी उभी आणि फडात ऊसतोडीची टोळी बसून. सगळं जोडून पहिली खेप भरली, आणि त्याच पुलावर ट्रॅक्टर पुन्हा तापला. खरा दोष रेडिएटरखालच्या रबरी पाईपात निघाला. ती गोष्ट पुढे तिच्या जागी येईल. तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो: काय बिघडलंय याच्या आधी कधी तापतो ते विचारायचं, आणि तपासत जायचं ते फुकटाकडून महागाकडे.

आत्ता उकळतोय, काय करू?

आधी भार काढा. रोटर चालू असेल तर पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) बंद करा, ट्रॉली असेल तर कडेला घ्या. काटा लाल पट्ट्याच्या तोंडाशी असेल, पण पाणी अजून आत असेल, तर इंजिन लगेच बंद करू नका. हळू रेसवर दोन-तीन मिनिटं चालू द्या. पंप पाणी फिरवत राहतो, फॅन वारा ओढत राहतो, आणि हेडात साठलेली उष्णता बाहेर पडते. एकदम बंद केलं तर हेडातलं पाणी जागच्या जागी उकळतं.

फॅनचा पट्टा तुटला असेल, पाईप फुटला असेल, पाणी धो धो गळत असेल, इंजिन टकटक आवाज करत असेल किंवा ओढ मरून आपोआप बंद पडायला लागलं असेल, तर मात्र त्याच क्षणी बंद. तिथं दोन मिनिटं चालवणं म्हणजे पिस्टन स्लीव्हमध्ये (तो ज्यात वर-खाली होतो त्या नळीत) धरायला बोलावणं.

नंतर चहा प्या. खरंच सांगतो, किमान अर्धा-पाऊण तास. गरम रेडिएटरचं झाकण उघडून तोंड भाजून घेतलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. झाकणाखाली दाब असतो, त्यामुळं आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही न उकळता बसलेलं असतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि उकळतं पाणी आणि वाफ एका दमात बाहेर येतात. वरच्या पाईपाला हात धरवला जाईल इतकं गार झालं की जाड फडकं टाकून, तोंड बाजूला करून, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा. फुसफुस थांबली की मग पूर्ण काढा.

आणि तापलेल्या इंजिनात कॅनालचं गार पाणी ओतू नका. ओतीव लोखंडाचं हेड असं तडकतं की आवाजसुद्धा येतो. गार होऊ द्या, इंजिन हळू रेसवर चालू करा आणि पाणी थोडं थोडं घाला.

कधी तापतो?

वहीच्या मागच्या पानावर लिहून काढा: कुठलं काम, कितवा गिअर, किती वेळानं, उन्हात की सकाळी, चढाला की सपाटीला. ही दहा ओळींची नोंद कुठल्याही मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा कामाची आहे.

नुसता उभा असतानाही तापत असेल तर वारा मिळत नाही किंवा पाणी फिरतच नाही: पट्टा, फॅन, वॉल, पंप. भार पडल्यावरच, हळूहळू, तास-दीड तासानं तापत असेल तर रेडिएटर निम्मा बंद आहे, बाहेरनं कचऱ्यानं किंवा आतनं क्षारानं. मोठ्या रेसला एकदम काटा चढतो आणि रेस कमी केली की उतरतो, असं असेल तर खालचा पाईप बघा. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर पाच मिनिटांत पाणी फेकायला लागला तर मात्र हेडाकडं बोट दाखवायला हरकत नाही. आणि मळणीच्या दिवसांतच तापत असेल, एरवी कधीच नाही, तर ट्रॅक्टरची कुंडली काढायच्या आधी पुढची जाळी उघडा.

हात काळे न करता

ट्रॅक्टर सपाटीला, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, चाकाखाली दगड. मफलर, उपरणं, सैल बाह्या दूर. फॅनला कोण पाहुणा आलाय हे कळत नाही.

पहिलं काम पाण्याची पातळी, गार असताना. पाणी वरच्या नळ्या बुडतील एवढं, मानेच्या थोडं खाली पाहिजे. मानेपर्यंत गच्च भरलं तर गरम झाल्यावर ते फुगून बाहेर येणारच, आणि नवखा माणूस त्यालाच "पाणी फेकतोय" समजतो. उलट रोज अर्धा तांब्या घालावा लागत असेल तर ते पाणी जातं कुठं, हा प्रश्न आहे. रात्री रेडिएटरखाली पुठ्ठा टाका. सकाळी डाग कुठं पडलाय ते बघा: पाईपाच्या क्लिपखाली, पंपाखाली, की कुठंच नाही. कुठंच डाग नाही आणि पाणी तरी कमी, तर ते पाणी सिलिंडरातून सायलेन्सरनं किंवा ऑईलमध्ये जात असू शकतं.

दुसरं, जाळी. आपल्या भागात या एका कारणानं जितके ट्रॅक्टर तापतात तितके बाकीच्या सगळ्यांनी मिळून तापत नसतील, असं माझं मत झालंय. सोयाबीनची मळणी, उसाचं पाचट, हळद पॉलिश करतानाचा धुरळा, कारखान्याच्या आवारात उडणारं बगॅस (उसाचा चोथा). पुढची लोखंडी जाळी स्वच्छ दिसते आणि खरा कचरा तिच्या मागं, रेडिएटरच्या पत्र्याच्या बारीक पंख्यांत (नळ्यांवरच्या पातळ पट्ट्यांत) बसलेला असतो. काही गाड्यांना बॅटरी पुढं असते. तिच्यामागं तर वर्षानुवर्षं कुणी बघितलेलं नसतं. बॅटरी काढा आणि रेडिएटरच्या मागं बल्ब धरून पुढनं बघा. जिथनं उजेड येत नाही तिथनं वाराही येत नाही.

धुताना दिशा महत्त्वाची. फॅन वारा पुढनं मागं ओढतो, म्हणजे कचरा पुढनं आत घुसलेला असतो. तो मागनं, इंजिनाच्या बाजूनं, पुढं ढकलायचा. पुढनं पाणी मारलं तर तो आणखी आत जाऊन बसतो. एचटीपीची (फवारणीच्या जोरदार दाबाच्या पंपाची) गन जवळ धरली तर पत्र्याचे पंखे आडवे होतात आणि रेडिएटर कायमचा बंद होतो. म्हणून लांबून, सरळ, कमी दाबानं. कचऱ्याला ऑईल लागून चिखलासारखा थर झाला असेल तर साबणाचं पाणी मारून तासभर मुरू द्या, मग धुवा. आणि ते ऑईल कुठल्या सीलमधनं येतंय तेही शोधा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

फॅनची तपासणी कागदानं होते. इंजिन चालू करून पुढं उभे राहा आणि वर्तमानपत्राचं पान जाळीसमोर सोडा. ते जाळीला चिकटून बसलं पाहिजे. घसरून खाली पडलं तर वारा कमी आहे. कधी कधी कुणीतरी पूर्वी फॅन काढून उलटा बसवलेला असतो, तेव्हाही वारा असाच कमी पडतो. हसू नका, जुन्या गाडीत हे सापडतं. फॅनभोवतीचा पत्र्याचा काउल तुटून गेला असेल तर फॅन मागचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो. तो काउल म्हणजे शोभेचा पत्रा नव्हे.

पट्टा इंजिन बंद करून बघा. दोन पुल्यांमधल्या सगळ्यांत लांब भागावर अंगठ्यानं दाबा, साधारण १२ ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबत असेल तर घसरतो, अजिबात दबत नसेल तर पंपाची बेअरिंग खातो. आणखी एक गोष्ट फार कमी लोक बघतात: पट्टा पुलीच्या खाचेत कुठं बसलाय. तो दोन्ही बाजूंच्या उतारांवर बसला पाहिजे. झिजून तळाला टेकला असेल आणि खाच तळाशी चकचकीत दिसत असेल, तर तुम्ही कितीही ताणा, तो घसरणारच. नवा पट्टा फार महाग येत नाही. एक टूलबॉक्समध्येही ठेवा.

झाकण

झाकणाला लोक डब्याचं झाकण समजतात, पण तो दोन वॉलचा सुटा भाग आहे. एक वॉल दाब धरून ठेवतो, दुसरा गार होताना हवा किंवा पाणी आत घेतो. जुन्या ट्रॅक्टरना साधारण ७ पौंडांपासून १३ पौंडांपर्यंतची (दर चौरस इंचाला पडणारा दाब) झाकणं येतात, आकडा वरच कोरलेला असतो. एका पौंडाच्या दाबानं पाण्याचा उकळबिंदू दीडेक अंशानं वर जातो. म्हणजे ७ पौंडांचं झाकण धड असेल तर दहा-अकरा अंशांची सवलत मिळते.

ही सवलत आपल्याकडं जास्तच लागते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. सातारा, सांगली उंचावर असल्यानं इथं ते ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि पाचगणीला तर ९६च्याही खाली. पसरणी घाटानं भरली ट्रॉली वर नेणाऱ्याचं झाकण मेलेलं असेल तर भार वाढतो तिथंच उकळबिंदू खाली येतो.

झाकणाचं रबर कडक झालंय का, त्याला चीर गेलीय का, स्प्रिंग दाबून परत येते का, मधला छोटा वॉल नखानं ओढल्यावर हलतो का, ते बघा. रेडिएटरच्या मानेचा काठ वाकलेला नाही ना तेही बघा. शंका असेल तर त्याच पौंडाचं नवं झाकण घ्या. जास्त पौंडाचं घेऊ नका, जुन्या रेडिएटरचा डाग (सोल्डरचा सांधा) त्याच्या दाबानं सुटतो.

माझा पाईप

आता ती पुलावरची गोष्ट. किर्लोस्करवाडी १९१०पासून आमच्या शेजारी आहे, पंप म्हणजे काय हे सांगलीकराला शिकवावं लागत नाही. इंजिनाचा वॉटर पंप हा विहिरीवरच्या पंपाचाच लहान भाऊ. फिरणारा इम्पेलर एका बाजूनं ओढतो, दुसऱ्या बाजूनं फेकतो. रेडिएटरचा खालचा पाईप हा त्याचा सक्शन. विहिरीवर सक्शनला साधा मऊ पाईप लावला तर काय होतं? चपटा होतो आणि पाणी बंद.

माझ्या ट्रॅक्टरच्या खालच्या पाईपात मुळात स्प्रिंग होती. कधीतरी पाईप बदलताना ती गंजली म्हणून काढून टाकलेली, आणि नवा पाईप दुकानातला मऊ, स्वस्तातला. हळू रेसला पंपाची ओढ कमी, पाईप गोल. पुलाच्या चढाला रेस वाढली की पाईप आतल्या आत चपटा व्हायचा आणि इंजिनाला पाणी मिळायचं बंद. पूल उतरला की पाईप पुन्हा गोल. दारात उभा करून तपासणाऱ्याला तो कधीच सापडला नसता. सापडला तो धाकट्या पुतण्याला. तो बाजूला बसून नुसताच इंजिनाकडं बघत होता आणि मी उगाच रेस देत होतो. तो म्हणाला, "काका, पाईप श्वास घेतोय बघा."

तर तुम्ही काय करायचं: इंजिन गरम झालं की एकाला रेस वाढवायला सांगा आणि तुम्ही फॅनपासून लांब, बाजूला उभं राहून खालच्या पाईपाकडं नजर ठेवा. चपटा होत असेल तर पाईप मऊ पडलाय, किंवा रेडिएटर इतका तुंबलाय की पंपाला पाणी पुरत नाही. दोन्ही बघा. गाडी बंद होऊन गार झाल्यावर वरचा पाईप चपटा दिसत असेल तर तो वेगळा रोग, तिथं झाकणाचा हवा घेणारा वॉल अडकलाय. पाईप हातानं दाबूनही बघा. फुगलेला, चिकट झालेला, करकर वाजणारा पाईप बदलायचाच. क्लिप जुनी असेल तर तीही.

वॉल, म्हणजे थर्मोस्टॅट

"वॉल काढून टाक" हा आपल्याकडचा सगळ्यांत लोकप्रिय सल्ला, आणि बऱ्याच वेळा त्यानं ताप कमीही होतो, म्हणून तो टिकलाय. पण वॉलशिवाय इंजिन नीट गरम होत नाही. डिझेल जास्त खातं, ऑईल घट्ट राहतं, स्लीव्ह-रिंगा लवकर झिजतात. काही इंजिनांत तर वॉल उघडल्यावर आडवाटेचं भोकही बंद होतं. वॉलच काढला तर गरम पाणी त्या आडवाटेनं परत इंजिनातच फिरतं आणि ट्रॅक्टर आणखी तापतो.

तपासायला पाच मिनिटं लागतात. वॉल काढा, दोऱ्याला बांधून जुन्या पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. वॉलवर आकडा असतो, बहुतेक ८२च्या आसपास. त्या तापमानाला तो उघडायला लागतो आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडतो. थर्मामीटर नसेल (तापाचा चालणार नाही, तो ४२लाच संपतो) तरी अडत नाही. आपल्याकडं पाणी ९८ला खळखळतं, तोवर वॉल पूर्ण उघडा दिसला पाहिजे. नसेल तर फेकून द्या. गार झाल्यावर तो पूर्ण मिटतो का हेही बघा. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडं आणि गॅसकेट नवं.

पंपाबद्दल थोडक्यात. पंपाच्या पोटाखाली बारीक भोक असतं. तिथनं पाणी टपकत असेल तर सील गेलंय, आणि ते भोक एम-सीलनं बुजवणं म्हणजे पाणी बेअरिंगमध्ये सोडणं. पट्टा काढून फॅन हातानं पुढं-मागं हलवा. खेळ लागला तर बेअरिंग गेली. कधी कधी बाहेरनं सगळं ठीक असतं आणि आत इम्पेलरची पाती गंजून बोटभर उरलेली असतात. ते पंप उतरवल्याशिवाय कळत नाही, म्हणून ते शेवटी.

आतला क्षार

न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात त्याच्या आत पांढरा थर बसतो आणि मग पाणी तापायला जास्त लाकडं लागतात. इंजिनाच्या आत नेमकं तेच होतं: थरामुळं उष्णता लोखंडातनं पाण्यात येत नाही. जत, आटपाडी, माण, खटावकडच्या बोअरचं पाणी असो की कृष्णाकाठच्या खारवट रानातलं, वर्षानुवर्षं तेच ओतलेल्या ट्रॅक्टरचं ब्लॉक आतनं बंबासारखं झालेलं असतं.

ओळखायचं कसं? इंजिन कामावर चांगलं गरम करा, बंद करा, फॅन थांबला की रेडिएटरच्या जाळीवर हाताचा पालथा भाग फिरवा, चटका बसणार नाही असा. मधेच गार पट्टा लागला तर त्या नळ्या बंद आहेत. हातात धरायची तापमान-बंदूक मिळाली तर आणखी बरं. रेडिएटरचा वरचा भाग आणि खालचा भाग मोजा, चकचकीत धातूवर न धरता काळ्या रंगावर किंवा रबरी पाईपावर धरा. वर खूप गरम आणि खाली बरंच गार, तर पाणी कमी फिरतंय: वॉल, पंप, तुंबलेल्या नळ्या. वर-खाली दोन्हीकडं जवळपास सारखंच गरम, तर पाणी फिरतंय पण वारा उष्णता नेत नाहीय: कचरा, फॅन, पट्टा. ही एक मोजणी निम्मी वाट दाखवते.

साफ करताना फक्त रेडिएटरची तोटी सोडून भागत नाही. ब्लॉकलाही खाली तोटी किंवा बोल्ट असतो. तो उघडल्यावर पाणी न येता नुसता गाळ दिसेल. तारेनं टोकरा, मग तांबडं पाणी धडाधडा येईल. वॉल काढून, पाईप सुटे करून, साध्या नळीनं खालून वर उलटं पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. एवढ्यानं भागलं नाही तर रेडिएटरवाल्याकडं द्या. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात, टाकी उघडून नळ्यांतून सळई घालून ते साफ करता येतात. ॲसिड ओता म्हणणाऱ्यापासून लांब राहा, ते क्षाराबरोबर डागही खातं.

एक सांगलीकराची कबुली. रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकायची, हा तोडगा आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालतो. गळती थांबतेही. पण हळदीला भोक आणि नळी यातला फरक कळत नाही. जीआय मानांकन मिळालेली हळद असली तरी ती रेडिएटरात गेली की नळ्या बुजवतेच. रानातनं घरी येण्यापुरती टाकली असेल तर घरी आल्यावर धुऊन काढा आणि डाग मारून घ्या.

आता हेड

वरचं सगळं झालं असेल तरच इथं या. लक्षणं अशी: गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात, पाणी कोमट व्हायच्याही आधी, वरचा पाईप दगडासारखा कडक होतो. सायलेन्सरमधनं पांढरा धूर येतो आणि तो गरम झाल्यावरही जात नाही. पाणी डाग न ठेवता कमी होतं. ऑईलची पट्टी काढली तर ऑईल दुधाच्या चहासारखं.

खात्री अशी करा. गार इंजिन, वॉल काढलेला, पट्टा काढलेला, रेडिएटर काठोकाठ. झाकण न लावता इंजिन चालू करा आणि पाण्याकडं बघा. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे येतात, ते सोडून द्या. पण बुडबुडे येतच राहिले आणि रेस दिली की वाढले, तर सिलिंडरातला वायू पाण्यात शिरतोय. पट्टा नसल्यानं हे मिनिटभराच्या आत उरका.

ऑईलमध्ये पाणी आहे का याची जुनी युक्ती: गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी चालू न करता चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीचा) बोल्ट थोडासाच सैल करा. पाणी ऑईलपेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं आणि आधी तेच येतं. पाणी आलं तर गाडी चालू करू नका, बेअरिंगा जातील.

हेड उतरवलंच तर ते सरळ आहे का, कुठं चीर आहे का, हे मशीन शॉपमध्ये तपासून घ्या. बोल्ट टॉर्क पान्यानंच आवळायचे, त्या गाडीच्या पुस्तकातल्या क्रमानं आणि मापानं. नुसतं नवं गॅसकेट टाकून दिलं तर सहा महिन्यांत परत तिथंच याल, कारण गॅसकेट आपणहून फार क्वचित जातं. ते तापल्यानं जातं, आणि तापण्याचं मूळ वरच्या यादीत कुठंतरी बसलेलं असतं.

पाण्याचा काही दोषच नाही, तरी तापतो

मग इंजिनात उष्णताच जास्त होतेय. ओढ वाढावी म्हणून डिझेल पंप "वाढवून", म्हणजे जास्त डिझेल सोडेल असा करून, घेतलाय का? काळा धूर ओकत ओढणारा ट्रॅक्टर तापणारच. पंपाचं टायमिंग मागं पडलं असेल तर डिझेल उशिरा जळतं आणि उष्णता हेडात राहते. ओढ कमी, ताप जास्त. एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑईल शेवटचं कधी बदललं? मळणीच्या दिवसांत ते रोज बघावं लागतं. ब्रेक धरून राहतोय का? सपाटीला न्यूट्रल करून ढकला. हलायला जड वाटला आणि एका चाकाचा ड्रम दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर तुम्ही दिवसभर ब्रेक ओढत नांगरताय. क्लच सरकत असेल तरी तेच. आणि ३५ एचपीला सहा फुटी रोटर लावून भर उन्हात जड काळ्या रानात मोठ्या गिअरला पळवत असाल, तर ट्रॅक्टरला बोल लावू नका. एक गिअर खाली घ्या.

काटाही खोटं बोलतो. काटा लाल, पण पाणी उकळत नाही, पाईपाला वास नाही, ओढ ठीक, तर सेन्सर किंवा वायर बघा. उलट काटा मेलेला असणं जास्त वाईट. जुना ट्रॅक्टर घेतला की आधी काटा चालू करून घ्या.

तुमचा ट्रॅक्टर एक सिलिंडरचा आयशर २४२ असेल तर इथवरचं बरंचसं तुम्हाला लागूच नाही, कारण तो हवेनं गार होतो, रेडिएटरच नाही. तिथं सिलिंडरवरच्या खाचा, हवेचा पत्रा, ब्लोअर आणि त्याचा पट्टा बघायचा. खाचांत ऑईल-मातीचा थर बसला की खेळ संपला.

भरायचं काय, आणि नंतर

बोअरचं पाणी नको. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. ते समुद्रसपाटीला झाकणाशिवायही १०६-१०७ अंशांपर्यंत उकळत नाही, गंज धरत नाही, आणि स्लीव्हला बाहेरनं पडणारे बारीक खड्डे टाळतं. तयार मिसळलेलं मिळतं, त्यात पुन्हा पाणी घालू नका. पैसे नसतील तर स्वच्छ कापडातून गाळलेलं पावसाचं पाणीही बोअरपेक्षा बरं. काढलेलं जुनं कूलंट गोठ्याजवळ ओतू नका. चवीला गोड लागतं आणि जनावराला, कुत्र्याला ते विष आहे.

भरताना इंजिन हळू रेसवर, झाकण उघडं ठेवून, वॉल उघडेपर्यंत चालवा. अडकलेली हवा बुडबुडत निघून पातळी खाली जाईल, तेवढं पुन्हा भरा आणि झाकण लावा.

मग चाचणी. दारात नाही. ज्या कामाला, ज्या चढाला तापत होता, तिथंच न्या, निम्म्या भारानं सुरुवात करा, बरोबर पाण्याचा कॅन, एक पट्टा, दोन क्लिपा आणि पाना. काटा मधोमध थांबला तर पूर्ण भार. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना झाकण उघडून पातळी बघा आणि वहीत लिहा. तीन दिवस पातळी तीच राहिली तर टोळीला निरोप पाठवायला हरकत नाही.